वाचकांचे प्रश्न : नैरोबीच्या रानाची चौथी बाजू

गेल्या अंकात नैरोबी राष्ट्रीय उद्यानावरून जाणाऱ्या रेल्वेपुलाचं छायाचित्र छापलं होतं. वर मालगाडी, खाली गवतात जिराफ. त्यावर आलेल्या पत्रांतली निम्मी गोरेगाव ते ठाणे या पट्ट्यातली आहेत. ज्यांच्या खिडकीतून रान दिसतं त्यांनाच असे प्रश्न पडणार. त्यातले काही इथे घेतले आहेत.

प्रश्न : आमच्या गॅलरीतून संजय गांधी राष्ट्रीय उद्यान दिसतं. नैरोबीचं उद्यानही शहराला असंच चिकटून आहे म्हणतात. मग तिथले उपाय इथे आणि इथले तिथे चालायला हरकत काय?
*– एक वाचक, बोरिवली पूर्व*

आकार जवळपास सारखा आहे. आपलं साधारण १०४ चौरस किलोमीटर, नैरोबीचं ११७. ते १९४६ साली झालं, केनियातलं पहिलं राष्ट्रीय उद्यान. शहराच्या मध्यापासून अंतर जेमतेम सात किलोमीटर. साम्य इथेच संपतं.

आपलं रान पानगळीचं, डोंगराळ आणि मधे तुळशी-विहार तलाव असलेलं. इथला मुख्य शिकारी बिबट्या. तो एकटा राहतो, चितळापासून भटक्या कुत्र्यापर्यंत मिळेल ते खातो आणि वर्षभर तेवढ्याच भागात निभावून नेतो. नैरोबीचं उद्यान म्हणजे मोकळं गवताळ माळरान. सिंह, काळा गेंडा, रानम्हैस, बिबट्या सगळे तिथे आहेत. हत्ती तेवढा नाही. पण त्या रानाचा गाडा चालतो तो झेब्रा आणि विल्डबीस्ट (गुरांसारखं दिसणारं, हरणासारखं चरणारं मोठं रानजनावर) यांच्या कळपांवर, आणि हे कळप एका जागी राहत नाहीत.

कोरड्या दिवसांत बाहेरचं पाणी आटलं की ते उद्यानात येतात, कारण तिथे बारमाही पाणी आहे. पाऊस पडला की म्बागाथी नदी ओलांडून दक्षिणेला किटेंगेला आणि पुढे एथी-कपितीच्या मैदानांवर जातात. तिथलं गवत बुटकं, कोवळं आणि कसदार असतं, आणि आखूड गवतात दबा धरून बसलेला सिंह लांबून दिसतो. विणाऱ्या मादीला दोन्ही गोष्टी हव्या असतात. उद्यानातलं गवत तोवर कमरेएवढं वाढून राठ झालेलं असतं.

म्हणजे उद्यान ही त्या जनावरांची उन्हाळ्यातली पाणवठ्याची जागा. त्यांचं खरं घर बाहेर आहे, आणि ते बाहेरचं घर सरकारच्या मालकीचं नाही. उद्यानाला तीन बाजूंनी कुंपण आहे, दक्षिणेची चौथी बाजू उघडी आहे. नैरोबीतला संवर्धन विरुद्ध विकास हा वाद फिरून फिरून या चौथ्या बाजूवरच येतो. रेल्वेपूल डोळ्यांत भरतो म्हणून त्याचे फोटो निघतात, एवढंच.

प्रश्न : रूळ खांबांवर उचलले, प्राणी खालून मोकळे फिरतात. मग ओरड कशाची? गोरेगाव-मुलुंड जोडरस्त्यालाही बोगदा केला तरी विरोध होतोच.
*– एक वाचक, मुलुंड पश्चिम*

आधी पुलाबद्दल. मोम्बासा ते नैरोबी हा नव्या रेल्वेचा पहिला टप्पा २०१७ मध्ये सुरू झाला. नैरोबी ते नैवाशा हा सुमारे १२० किलोमीटरचा पुढचा टप्पा ऑक्टोबर २०१९ मध्ये. हा दुसरा टप्पा उद्यान मधोमध कापतो. सुमारे सहा किलोमीटर मार्ग खांबांवर आहे आणि कडेला आवाज अडवणारे पडदे आहेत. नर जिराफाची उंची साडेपाच मीटरपर्यंत जाते, त्याला मान न वाकवता जाता यावं हा हिशेब केलेला आहे. जमिनीवर भराव घालून रूळ टाकले असते तर उद्यानाचे सरळ दोन तुकडे पडले असते. त्या मानाने पूल शंभर पटींनी बरा, हे मान्यच करायला हवं.

तक्रार तीन गोष्टींची आहे. पहिली, मार्ग उद्यानातूनच का? बाहेरून नेला तर खाजगी जमीन घ्यावी लागते, मोबदला द्यावा लागतो, कोर्टकचेऱ्या होतात. उद्यानाची जमीन सरकारची, सातबारा एकाच नावावर असल्यासारखी, म्हणून नकाशावर ती 'रिकामी' दिसते. मुंबईत हे वेगळं समजावून सांगायची गरज नाही. दुसरी, कामाच्या काळातला त्रास. तयार पुलाखालून प्राणी जातातही, पण खांब उभे राहताना दोन वर्षं डंपरचे रस्ते, खडी-सिमेंटचे प्लांट, रात्रीचे दिवे, मजुरांच्या वसाहती हे सगळं जमिनीवरच असतं. तिसरी, पायंडा. केनियाच्या राष्ट्रीय पर्यावरण न्यायाधिकरणाने २०१६ मध्ये काम थांबवायला सांगितलं होतं. तरी २०१८ मध्ये काम सुरू झालं. एकदा एक रेषा गेली की तिच्या शेजारून दुसरी मागणं सोपं होतं.

शेजारच्या रेषेचं हे दुखणं त्सावोत नीट बघायला मिळतं. रेल्वेचा पहिला टप्पा त्सावो पूर्व आणि त्सावो पश्चिम या उद्यानांच्या मधून जातो. तिथे भराव आहे आणि हत्तींसाठी खालून वाटा ठेवल्या आहेत. हत्ती त्या वापरतात, बहुतेक रात्री. पण रेल्वेला समांतर मोम्बासाचा महामार्ग आहे, जुनी रेल्वेही आहे. हत्ती भुयारी वाटेतून बाहेर येतो तो थेट कंटेनरच्या रांगेसमोर. रेल्वेवाल्यांनी आपलं काम चोख केलं, रस्तेवाल्यांनी आपलं, आणि दोघांच्या मधे हत्ती अडकला.

भुयारी वाट चालते की नाही हे कशावर ठरतं? प्राण्याला पलीकडचा उजेड आणि झाडी दिसली पाहिजे. रुंदीला उंचीने गुणून वाटेच्या लांबीने भागलं की मोकळेपणाचा अंदाज येतो. लांबी दुप्पट झाली की तो निम्म्यावर येतो, म्हणूनच सहापदरी रस्त्याखालची अरुंद मोरी जनावरांना नकोशी वाटते. तळाला काँक्रीट नको, माती हवी. पाणी साचता कामा नये. तोंडाशी टपरी, गुरांचा गोठा किंवा दिवा नको. आणि दोन्ही बाजूंना प्राण्याला वाटेकडे वळवणारं कुंपण हवं, नाहीतर तो शंभर मीटर अलीकडूनच रस्त्यावर चढतो. महाराष्ट्रात याचं चांगलं उदाहरण पेंचमध्ये, नागपूर-शिवनी मार्गावर आहे. तिथे राष्ट्रीय महामार्ग ४४ वर नऊ ठिकाणी रस्ता उचललेला आहे, त्यातला सर्वांत लांब भाग ७५० मीटरचा. कॅमेऱ्यांत खालून जाणारे वाघ टिपले गेले आहेत.

गोरेगाव-मुलुंड जोडरस्त्याचे ४.७ किलोमीटरचे जुळे बोगदे आपल्या उद्यानाच्या पोटातून जाणार आहेत. वरच्या जमिनीला हात लागत नाही, ही जमेची बाजू. बघायचं ते दोन्ही तोंडांशी : उपसलेला राडारोडा कुठे टाकतात, यंत्र उतरवायच्या खड्ड्यासाठी किती झाडं जातात, आणि खोदकामात झरे फुटले तर वरचे ओढे मे महिन्यात टिकतात का. पुढे कधी जनसुनावणीला गेलात तर 'बोगदा नको' म्हणण्यापेक्षा हे तीन प्रश्न लेखी द्या. लेखी प्रश्नाला लेखी उत्तर मागता येतं.

प्रश्न : दक्षिण बाजूलाही कुंपण घालून टाकलं की प्रश्न मिटला. सिंह आत, माणसं बाहेर. एवढं साधं का जमत नाही?
*– एक वाचक, दादर*

हा विचार केनियातल्या अधिकाऱ्यांनाही सुचला होता. २०२० साली उद्यानाचा पुढच्या दहा वर्षांचा जो आराखडा चर्चेला आला, त्यात दक्षिणेचं कुंपण होतं. शिवाय आत हॉटेल बांधण्याची कल्पना होती. विरोध जोरात झाला.

कुंपण घातलं तर कळप आत कोंडले जातील. ११७ चौरस किलोमीटर हे विल्डबीस्टसाठी अंगण आहे. दोन-चार कोरडी वर्षं लागोपाठ आली की गवत संपेल, मग चारा बाहेरून आणायचा किंवा जनावरं ट्रकमधून हलवायची. सिंहांचे कळप कायम तेच राहतील, नवं रक्त येणार नाही. मग नर-माद्या इकडून तिकडे नेत राहा. थोडक्यात ते मोठं प्राणिसंग्रहालय होईल. बोत्स्वानात गुरांचे रोग रोखायला १९५० च्या दशकात लांबच लांब कुंपणं घातली. १९८० च्या दशकातल्या दुष्काळात पाण्याकडे निघालेले हजारो विल्डबीस्ट त्या तारांशी अडून मेले.

म्हणून कुंपण वाईटच, असंही नाही. केनियातल्याच अ‍ॅबरडेअर पर्वताला सुमारे ४०० किलोमीटरचं विजेचं कुंपण आहे. दोन दशकं काम चालून ते २००९ मध्ये पुरं झालं. खालच्या शेतकऱ्यांना त्याचा फायदा झाला. रवांडाच्या अकागेरा उद्यानाला २०१३ मध्ये १२० किलोमीटरचं कुंपण झालं आणि २०१५ मध्ये तिथे सिंह परत आणले. अ‍ॅबरडेअरमधली जनावरं जंगलातली, मैदानी कळपांसारखी ऋतूप्रमाणे कोस न कोस चालणारी नव्हेत. चारी बाजूंनी दाट शेती, बाहेर जायला जागाच उरलेली नाही. तिथे कुंपण योग्य. बाहेर अजून जागा आहे तिथे ते घातलं की ती जागा आठवडाभरात प्लॉट पाडून विकली जाते. 'आता तर जनावरं येतच नाहीत' हे कारण आयतंच मिळतं.

कुंपण एकदा उभारलं की झालं, हाही गैरसमज आहे. विजेच्या कुंपणात साधारण सहा-सात हजार व्होल्टचा झटका दर सेकंदाला एकदा, क्षणाच्याही छोट्या भागापुरता सोडतात. दाब जास्त, प्रवाह अगदी थोडा वेळ. म्हणून तो हाकलतो, मारत नाही. बिघाड बहुतेक तीन प्रकारचे. पावसाळ्यात गवत वाढून खालच्या तारेला टेकतं आणि वीज जमिनीत उतरत राहते. टोकाला पोहोचेपर्यंत झटका मुंगी चावल्यासारखा होतो. उन्हाळ्यात नेमकं उलटं. माती कोरडी पडते, अर्थिंगच्या सळयांपर्यंत वीज परतत नाही, प्राण्याला झटका बसतच नाही. म्हणून कोरड्या भागात एक सोडून एक तार अर्थिंगला जोडतात, म्हणजे डोकं घालणारा प्राणी दोन्ही तारांना एकदम लागतो. तिसरं म्हणजे सौर पॅनेल आणि बॅटऱ्यांची चोरी. तुटलेली तारही वाया जात नाही, फासे लावायला तिचाच उपयोग होतो.

बारकी जनावरंही आहेत. वॉर्टहॉग नावाचं सुळेवालं रानडुक्कर कुंपणाखाली बीळ उकरतं आणि त्याच बिळातून पुढे सिंह निघतो. जमिनीलगत तार ठेवली तर डुक्कर अडतं, पण कासव आणि खवले मांजर तिला लागून मरतात. धोका जाणवला की दोघंही जागच्या जागी अंग आकसून घेतात, पळत नाहीत. आणि तार अंगावर तशीच राहते. ती तार किती उंचीवर ठेवायची, हे ठरवताना कुणाला तरी वाचवायचं आणि कुणाला तरी सोडायचं असतं. रोज व्होल्टमीटर घेऊन फिरणारी, महिन्याला गवत कापणारी माणसं कायमची पगारावर ठेवायची तयारी नसेल तर कुंपणाचा खर्च करूच नये.

प्रश्न : बाहेरची जमीन गुरं पाळणाऱ्या मसाई लोकांची आहे. त्यांनी ती सिंहांसाठी मोकळी का ठेवावी? त्यांना काय मिळतं?
*– एक वाचक, ठाणे*

अगदी मुळावर बोट ठेवलंत. बराच काळ त्यांना काहीच मिळत नव्हतं. प्रवेशफी उद्यानाला, हॉटेलचं भाडं शहराला, आणि फाडलेली गाय मसाईला.

किटेंगेलाची चराऊ जमीन पूर्वी सामाईक होती. १९८० च्या दशकात ती कुटुंबाकुटुंबात वाटली गेली. १९९० मध्ये एथी नदीजवळ निर्यात उद्योगांचं क्षेत्र झालं, कामगार आले, घरं आली, पाव-पाव एकराचे प्लॉट पडले. १९७० च्या दशकाअखेर त्या मैदानांवर पंचवीस हजारांहून जास्त विल्डबीस्ट होते. २०१० नंतरच्या मोजण्यांत ते पाच हजारांच्या आत आले.  मैदानांवर तारांची कुंपणं पडत गेली, हे त्याचं मोठं कारण.

यावर २००० साली भाड्याची योजना सुरू झाली. कुटुंबाने जमिनीला कुंपण घालायचं नाही, ती विकायची नाही, खाण खणायची नाही, शिकार होऊ द्यायची नाही. गुरं चारायला पूर्ण मुभा. बदल्यात एकरी वर्षाला चार डॉलर. ते शाळेच्या सत्रांच्या तोंडावर हप्त्याहप्त्याने द्यायचे. ही वेळ हुशारीने निवडलेली होती. मसाई कुटुंब जमिनीचा तुकडा किंवा गाय विकतं ते बहुधा फीसाठी. त्याच आठवड्यात पैसे हातात पडले तर विक्री टळते. पैसे आईच्याही नजरेसमोर येतात, ते वेगळंच.

अडलं कुठे, ते आकड्यातच आहे. शंभर एकरवाल्याला वर्षाला ४०० डॉलर. शेजारी दलाल पाव एकराला त्याच्या कैक पट रोख मोजायला उभा. शिवाय पैसा देणगीचा, म्हणजे दाता थकला की हप्ता थकला. केनियातल्याच मसाई मारा अभयारण्याच्या परिसरात २००६ नंतर उभ्या राहिलेल्या सामुदायिक राखीव क्षेत्रांनी ही चूक सुधारली. तिथे भाडं पर्यटन कंपन्या देतात, दरमहा ठरलेलं, पर्यटक आले वा न आले तरी, थेट मालकाच्या खात्यात. काही ठिकाणी ७०० एकरांमागे एकच तंबू अशी मर्यादा आहे, म्हणून दर चढा ठेवता येतो. पण २०२० मध्ये विमानं थांबली आणि त्यांचंही भाडं घटलं. एका धंद्यावर रान उभं केलं की त्या धंद्याचा ताप रानाला येतो. किटेंगेलाला मारासारखे पर्यटक कधीच मिळणार नाहीत. तिथे शहराने, म्हणजे पाणी, हवा आणि मोकळी क्षितिजं फुकट वापरणाऱ्या नैरोबीने भाडं द्यायला हवं, असं आमचं मत आहे. ते अजून कुणी मनावर घेतलेलं नाही.

प्रश्न : लुकलुकणाऱ्या दिव्यांनी सिंह पळतो असं वाचलं. शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी तसा प्रकल्प करता येईल का? आरेच्या पाड्यांवर बिबट्यासाठी चालेल का?
*– एक विद्यार्थिनी, कांदिवली*

करता येईल. ही युक्ती रिचर्ड तुरेरे या मसाई मुलाची. उद्यानाच्या दक्षिण कडेलाच त्याचं घर, आणि युक्ती सुचली तेव्हा वय अकरा. आधी त्याने आग पेटवून पाहिली. तिच्या उजेडात सिंहालाच गोठा छान दिसायला लागला. मग बुजगावणं केलं. पहिल्या रात्री सिंह परत फिरला, दुसऱ्या रात्री आला आणि त्याला कळून चुकलं की हे हलत नाही. एकदा टॉर्च घेऊन तो गोठ्याभोवती फिरत होता, त्या रात्री सिंह आला नाही. हलणारा उजेड म्हणजे जागा माणूस.

साहित्य : गाडीची जुनी १२ व्होल्टची बॅटरी, ती भरायला छोटं सौर पॅनेल, मोटरसायकलच्या इंडिकेटरचा फ्लॅशर, एक स्विच आणि चार-पाच एलईडी. दिवे गोठ्याच्या कुंपणावर बाहेरच्या बाजूला तोंड करून लावायचे. एकामागून एक पेटले पाहिजेत. सगळे एकदम लुकलुकले तर माणूस चालल्याचा भास होत नाही. फ्लॅशर बल्बच्या भाराप्रमाणे चालतो आणि एलईडी फार कमी वीज खातात, त्यामुळे साधा फ्लॅशर लावलास तर दिवे लुकलुकण्याऐवजी भराभर थरथरतील. दुकानात एलईडीसाठीचा फ्लॅशर माग.

दिवे हा अर्धाच उपाय. सिंह बहुतेक वेळा गोठ्यात उडी मारत नाही. वाऱ्याच्या बाजूला उभा राहून आपला वास आत पोहोचवतो. गुरं बिथरतात, काटेरी कुंपण फोडून बाहेर येतात आणि त्याच्या पुढ्यात पडतात. म्हणून पक्के खांब, त्यावर माणसापेक्षा उंच साखळीची जाळी, आणि दार रिकाम्या तेलाच्या पिंपाचा पत्रा ठोकून केलेलं. दार कच्चं राहिलं तर बाकी खर्च पाण्यात.

बिबट्या चढतो, त्यामुळे त्याच्यासाठी वर छप्पर किंवा जाळी हवीच. जुन्नरकडे बंदिस्त गोठ्यांवर भर देतात तो यासाठी. आणि आरेत दिव्यांचा फार उपयोग होणार नाही. तिथला बिबट्या रिक्षा, टॉवर आणि लग्नाच्या माळा बघतच मोठा होतो. पाड्याजवळचा ओला कचरा उचलला की कुत्री कमी, कुत्री कमी की बिबट्याच्या फेऱ्या कमी. प्रदर्शनात शेजारी तोही तक्ता लाव.

प्रश्न : सेरेंगेटी राष्ट्रीय उद्यानातून जाणारा डांबरी रस्ता झाला का?
*– एक वाचक, डोंबिवली*

नाही. टांझानियाने २०१० मध्ये उत्तर सेरेंगेटीतून सुमारे ५० किलोमीटरचा पट्टा ओलांडणारा महामार्ग जाहीर केला होता. अरुशातल्या पूर्व आफ्रिकी न्यायालयाने जून २०१४ मध्ये डांबरी रस्त्याला मनाई केली. गावांची रस्त्याची मागणी मात्र खरी होती आणि आहे. मनाई उद्यानातल्या डांबरापुरती होती, गावांच्या बाजारहाटाचं उत्तर त्यात नव्हतं.

प्रश्न : डिसेंबरात नैरोबीला जातोय, एक दिवस हाती आहे. उद्यानात काय जपावं?
*– एक वाचक, विलेपार्ले*

सकाळी सहाला फाटक उघडतं, तेव्हाच आत शिरा. नऊनंतर सिंह सावलीला जातात. तिकीट ऑनलाइन काढून ठेवा. ठरवून दिलेल्या जागा सोडून गाडीतून उतरू नका. पाणघोड्यांच्या डोहाशी उतरता येतं, तिथे बंदूकधारी रेंजर असतो, त्याच्या पुढे चालू नका. हस्तिदंताच्या राखेची जागाही पाहा. १९८९ मध्ये तिथे बारा टन आणि एप्रिल २०१६ मध्ये १०५ टन हस्तिदंत जाळलं गेलं.

केनियात प्लास्टिकच्या पिशव्यांना २०१७ पासून बंदी आहे आणि उद्यानांत जून २०२० पासून एकदाच वापरायच्या प्लास्टिकच्या बाटल्याही चालत नाहीत. चिवडा-भडंग न्यायचा तर स्टीलच्या डब्यात, पाणी स्वतःच्या बाटलीत. डबा उघडताना गाडीच्या काचा वर ठेवा; तिथली माकडं आपल्या कान्हेरीच्या माकडांची सख्खी भावंडं आहेत.